वन्सं, त्यांच्या हाती कादंबरी मीच दिली

ती. वन्संना सादर नमस्कार.

तुमचा उजवा गुडघा आता काय म्हणतो? (डावा शहाण्यासारखा वागतोय हे मागच्या पत्रातून कळलं, बरं वाटलं.) सूनबाईंची सर्दी गेली का? नातवाचा पुढचा दात आला, की अजून खिडकी उघडीच? इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. हवा ढगाळ आहे, कपडे वाळत नाहीत, पण तक्रार नाही. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये पत्र कसं लिहावं याचा वेगळा तास असायचा. आधी समोरच्याची प्रकृती, मग आपली खुशाली, मग हवामान, आणि त्यापुढे जे काही रडगाणं असेल ते गाळून खाली सही. आजवर मी तो नियम पाळला. आज हवामानापाशी थांबणं जमत नाहीये, त्याबद्दल आधीच माफी मागते. "खुशाल आहोत" हे वाक्यसुद्धा मी मघाशी पुन्हा वाचलं आणि तसंच राहू दिलं, कारण खोडाखोड केली की कागद घाण दिसतो.

हे पत्र तुम्हाला तुमच्या भावाच्याच हातून मिळेल. उद्या सकाळच्या बसनं ते तुमच्याकडे येतायत. न्हाणीघरातला गीझर गुरगुरतो असं तुम्ही लिहिलं होतंत, तो बघायला आलोय असं ते सांगतील. त्यावर विश्वास ठेवू नका. गीझरला एक पाना आणि अर्धा तास लागतो. यांनी बॅगेत स्वेटर, दोन्ही चष्मे, दाढीचं सगळं सामान आणि कानटोपी भरली आहे, आणि थंडीला अजून अवकाश आहे. परत कधी येणार म्हणून विचारलं तर म्हणाले, "बघू." वन्सं, या माणसाच्या तोंडून "बघू" हा शब्द मी उभ्या जन्मात ऐकलेला नाही. चहा टाकू का विचारलं तरी "हो" येतं किंवा "नाही" येतं, मधलं काही येत नाही. ते मला सोडून चाललेत, तेही माझ्या भल्यासाठी. आणि हे सगळं एका कादंबरीपायी. नीट पहिल्यापासून सांगते, म्हणजे तुम्हाला मला बोल लावताना सोपं जाईल.

लग्नात तुम्ही म्हणाला होतात की वाचणाऱ्या बाईच्या घरात दूध करपतं. तेव्हा मला राग आला होता. आता सांगते, दूध हा त्यातला अगदी किरकोळ भाग आहे.

निवृत्त झाल्यावर यांनी आधी घर तपासलं. जन्मभर बॉयलर इन्स्पेक्टर म्हणून गिरण्या, लॉन्ड्र्या, हॉस्पिटलं पालथी घातलेला माणूस. घरी बसवला म्हणून त्याचे हात थोडेच बसतात? नळ झाले, बिजागऱ्या झाल्या, वरच्या मजल्यावरच्या डेंटिस्टीणबाईंची खुर्चीसुद्धा (घरातली, दवाखान्यातली नव्हे) दुरुस्त झाली. मग उरला माझा कुकर. कुकर म्हणजे त्यांच्या लेखी बॉयलरच, फक्त अजून वयात न आलेला. रोज सकाळी स्टूल घेऊन त्याच्यासमोर बसायचे, डोळे मिटून शिट्टी ऐकायचे आणि म्हणायचे की दुसरी पहिलीपेक्षा जरा घोगरी आली. स्वयंपाकघर माझं, तिथं कुणी डोळे मिटून बसलं की मला मेलं काही सुचत नाही. एके दिवशी मी कपाटातली सगळ्यात जाड कादंबरी काढली, त्यांच्या हातात ठेवली आणि म्हटलं, अहो, जरा बाहेरच्या खोलीत बसून हे बघा बरं. वाटलं, थंडीपर्यंत पुरेल.

आठवडाभरात संपली. दुसरी स्वतःच काढून घेतली. कानामागे पेन्सिल, पाठ ताठ, ओठ मिटलेले, असे ते वाचायचे. मालकानं दडवलेली भेग आता सापडेल, मग सापडेल अशा चेहऱ्यानं. मी आपली भाबडी. उशिरा का होईना, नवऱ्याला वाचनाची गोडी लागली म्हणून मनात सुखावले, डेंटिस्टीणबाईंना सांगूनही आले. कादंबरीत काय काय असतं याची आठवण तेव्हा मला व्हायला हवी होती.

तुम्ही कादंबऱ्या वाचत नाही म्हणून सांगते. पहिलीतली बायको नवऱ्याला सोडून जाते. दुसरीतलीला जाता येत नाही म्हणून ती झुरते. तिसरीतली जातही नाही, झुरतही नाही, नुसती खिडकीत उभी राहते, आणि यांना तीच सगळ्यात जास्त लागली. (त्या आठवड्यात मी खिडकीत कुंडीला पाणी घालत उभी राहिले तरी ते उठून बसायचे.) आणि वन्सं, या सगळ्याजणींचे नवरे सज्जन. वेळेवर घरी येणारे, पगार हातात देणारे, आवाज न चढवणारे, गळ्याभोवती मफलर गुंडाळणारे. एकदा सूप पिता पिता यांनी मला विचारलं की या माणसांचं नेमकं चुकलं काय? बाईला सुख हवं असतं हे सगळे लिहितात, नवऱ्यानं त्यासाठी काय करायला हवं होतं ते एकानंही लिहिलेलं नाही; आणि लेखक मंडळी असल्या नवऱ्याला पहिल्या प्रकरणातच टक्कल का देतात? मी म्हटलं, पुस्तकातलं असतं ते, सूप निवतंय. त्यांनी चमचा खाली ठेवून हळूच डोक्यावरून हात फिरवला. तेव्हाच मला कळायला हवं होतं. आपण आपले त्या बाईच्या जागी स्वतःला बसवून वाचत आलो. नवऱ्याच्या खुर्चीत बसूनही कुणी ती कादंबरी वाचेल, आणि तिथून ती किती भयंकर दिसत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

मग तो प्रश्न आला. सकाळची वेळ, मी गॅसपाशी. ते दारात उभे राहिले. घसा साफ केला आणि म्हणाले, "तू सुखी आहेस ना?"

वन्सं, दूध वर आलं होतं. मी म्हटलं, "थांबा." ते थांबले. मी गॅस बारीक केला, फडकं घेतलं, भांडं उतरवलं, ओटा पुसला. तेवढ्यात खाली कचऱ्याची गाडी आली म्हणून मी बादली घेऊन गेले, आणि वर येईपर्यंत प्रश्न साफ विसरले. दुपारी जेवताना आठवला. पण ते काही पुन्हा विचारायचे नाहीत. इन्स्पेक्टर एकदाच विचारतो, असं तेच नेहमी सांगायचे. मालकानं लगेच उत्तर दिलं नाही की समजायचं. आता आपण होऊन जाऊन "हो, आहे" म्हणावं, तर तेही खोटं वाटणार. कुणी न विचारता कोण सांगतं असलं काही?

त्यानंतर त्यांनी सुधारणा हाती घेतली. एकदा मी भाजी चिरत असताना मागून येऊन खांद्यावर हात ठेवला. मी किंचाळले, सुरी त्यांच्या पायाजवळ पडली, आणि डेंटिस्टीणबाई जिन्यावरून धावत आल्या. एकदा लाल भडक शाल आणली. (माझ्या वयाला! ती पांघरून मी आगीच्या बंबासारखी दिसते.) एकदा बराच वेळ माझ्याकडे बघून म्हणाले की तुझा आवाज मला कधीच फारसा कर्कश वाटला नाही. पण सगळ्यावर कडी म्हणजे ते उशिरा यायला लागले. जेवायची वेळ टळून जायची, मी जिन्यात उभी, जिवाला घोर. पुढे कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्यानंच मला सांगितलं, "बाई, साहेब रोज संध्याकाळी माझ्या दुकानासमोर घड्याळ बघत उभे असतात. बसा म्हटलं तर म्हणतात, नको, अजून उशीर व्हायचाय." वेळेवर घरी येणाऱ्या नवऱ्यावर कुणी प्रेम करत नाही, हे त्यांनी चार कादंबऱ्यांमधून काढलेलं अनुमान! उशीर करायला म्हणून घरातून वेळेवर निघणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्या रात्री मी त्यांना गरम गरम वाढलं आणि पाठ वळवून डोळे पुसले. ते त्यांनी पाहिलं, आणि त्याचाही अर्थ भलताच लावला.

लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आई, तुम्ही दोघं एकमेकांशी मोकळेपणानं बोला ना." काय बोलायचं ते मात्र तिनं सांगितलं नाही, तिला मीटिंग होती.

आता मुख्य गोष्ट. माझ्या कपाटाचा खालचा कप्पा तुम्ही पाहिला असेल, तपकिरी कव्हरं घातलेल्या पुस्तकांचा. ती आमच्या कॉन्व्हेंटच्या लायब्ररीतली. शाळेची इमारत पाडली तेव्हा तिथं शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीनं एक ट्रंक भरून मला पाठवली. हे त्या वेळी दौऱ्यावर होते. लायब्ररी सांभाळायच्या त्या सिस्टरना आम्ही "सुईदोरा" म्हणायचो. शिवणाचा तासही त्याच घ्यायच्या. नवीन कादंबरी आली की आधी त्या वाचायच्या, आणि मुलींच्या नजरेला पडू नयेत अशी पानं चक्क शिवून टाकायच्या. फाडायच्या नाहीत, पुस्तकाची हेळसांड त्यांना खपायची नाही. तीन कडांनी बारीक तिरकी टीप, निळा दोरा, शेवटी दुहेरी गाठ. आमची सगळी पिढी अशी वाढली, वन्सं. नायक-नायिका बागेतून चालत येतात, दिवा मंद होतो, आणि निळा दोरा. दोऱ्याच्या पलीकडे थेट ताप, पश्चात्ताप नाहीतर प्रेतयात्रा. मधल्या पानांत काय असेल यावर आम्ही डॉर्मिटरीत इतक्या कल्पना लढवल्या की पुढे प्रत्यक्ष संसारात पडल्यावर बरंच काही राहून गेल्यासारखं वाटायचं. (हे वाक्य तुम्हाला लिहायला नको होतं. पण लिहिलं.) आणि गंमत अशी की पुस्तकं माझी झाली, सुई-कात्री माझी, अडवायला कोणी नाही, तरी मी ते टाके कधी उसवले नाहीत. हात लावला की सुईदोरांचा, सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेला, अंगठीसारखा चमकणारा अंगुस्ताना डोळ्यांपुढे यायचा आणि शाळेची घंटा, ओल्या फरशीचा वास, सगळं अंगावर यायचं. म्हटलं, राहू दे तसंच.

यांनी तो कप्पा उघडला आणि शिवलेली पानं पाहिली. दुसरा कुणी असता तर त्यानं बोट घालून आत डोकावलं असतं. पण दुसऱ्यानं लावलेलं सील मालकाला विचारल्याशिवाय तोडायचं नाही, हा यांचा नोकरीतला पहिला धडा. तेव्हा त्यांनी आत बघितलं नाही, टाका बघितला. बारीक, तिरका, निळा दोरा, शेवटी दुहेरी गाठ. असाच टाका त्यांच्या सगळ्या शर्टांच्या बटणांना आहे. कारण मला शिवण शिकवलं ते सुईदोरांनी! माझा टाका म्हणजे त्यांचाच टाका, आणि निळा दोरा मी आजही सवयीनं घेते.

झालं. त्यांची खात्री पटली की पानं मी शिवली. जिथं जिथं पुस्तकातली माणसं सुखाच्या जवळ येतात, नेमकं तिथंच बायकोनं एकेक पान शिवून बंद केलं, कारण तिला ते वाचवत नव्हतं. शेजारच्या खोलीत नवरा बूट काढत होता.

हे मला परवा कळलं. बॅग भरताना मी समोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, काय ते सांगून जा. बराच वेळ मोज्यांच्या घड्या घालत राहिले. मग म्हणाले, "तू शिवलेलं मी वाचलं नाही. पण कुठं कुठं शिवलंस ते कळलं. इतकी वर्षं आतला दाब मला दिसला नाही, माझं तेच तर काम होतं. मी ताईकडे राहतो थोडे दिवस. तू उसव. निवांत वाच."

आणि वन्सं, मी हसले. हसू नये अशी वेळ होती, पण सुईदोरांवरचा आळ माझ्यावर आलेला बघून मला हसू आवरेना. (तिसऱ्या कादंबरीतली खिडकीतली बाई शेवटी अशीच हसते, हे मला आठवलं तेव्हा उशीर झाला होता.) मग मी सगळं सांगितलं, सिस्टर, ट्रंक, पाडलेली शाळा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, गिरणीच्या मॅनेजरचं ऐकायचे तसं. मी थांबल्यावर म्हणाले, "प्रत्येक मॅनेजर हेच सांगतो. आधीच्या मॅनेजरनं केलंय म्हणून."

मी म्हटलं, ठीक आहे, तुमच्या देखत उसवते. पुस्तक आणलं, कात्री आणली, त्यांच्या शेजारी बसले. पण दोऱ्याखाली कात्री घालवेना. खरं सांगू? मला भीती वाटली. आत काहीतरी असं असलं, जे जगातल्या सगळ्या बायकांना मिळालं आणि माझ्याच वाट्याला आलं नाही, तर? या वयात कळून त्याचं करायचं काय? किंवा आत काहीच नसलं, तर ज्या बंद दारापुढे मी जन्मभर मान तुकवून बसले ती खोली रिकामीच होती म्हणायची! मी कात्री खाली ठेवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि बॅगेची चेन लावली. पुराव्याचं काम माझ्याच हातानं उलटलं.

काल दुपारी ते तिकीट काढायला गेले तेव्हा मी दाराला कडी घातली आणि एका दमात सगळी पुस्तकं उसवली.

तुम्हाला सांगते, पहिल्या पुस्तकात सुईदोरांनी चुकीची पानं शिवली होती. आत गटारयोजनेवर नगरपालिकेची सभा होती. ज्याला आलिंगन म्हणतात ते सगळं दोन पानं आधी उघडंच होतं, आणि आम्ही मुलींनी ते कितीदा वाचलं होतं! पण शिवलेलं नाही म्हणजे निष्पाप, अशी आमची खात्री. आम्ही समजायचो की नायिकेला घेरी आली आणि तो तिला सावरतोय. दुसऱ्या पुस्तकात, होय, जे असायचं ते होतं. वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. वाईट नव्हतं, पण त्याच्यासाठी डॉर्मिटरीत इतकं जागायला नको होतं. पण बाकीच्या पुस्तकांत, वन्सं, मी चक्रावले. एकात नवरा-बायको टेबलाशी बसलेत, तो तिला संत्रं सोलून देतोय, दोघं एका आत्याबाईंच्या टोपीवरून हसतायत. इतकंच. एकात ती आजारातून उठली आहे आणि तो तिला पहिल्यांदा अंगणापर्यंत चालवत नेतो. एकात दोघं छत गळतं म्हणून पलंग इकडून तिकडे सरकवतात आणि दमून त्याच्यावरच बसून राहतात. नऊ-दहा पानं नुसती बसून आहेत. हे का शिवलं असेल? मी तास दीड तास दोऱ्याचे तुकडे मांडीवर घेऊन विचार करत बसले. बागेतलं चुंबन वाचून मुली काय फार तर एखाद्या उन्हाळ्यापुरत्या बिघडतील, पण हे वाचलं तर त्या घर मागतील. आणि जिनं स्वतः घर सोडून पांढरा झगा घेतला तिला ते वाचून काय झालं असेल? सगळं तिनं एकटीनंच वाचलं होतं, आम्ही झोपल्यावर, अंगुस्ताना घालून. मी तिला लहानपणी फार हसले. काल नाही हसले.

आणि मग मला आठवलं ते सांगते. लग्नाला महिना झाला नव्हता. बाकीचे नवरे नव्या बायकोला टेकडीवर नाहीतर तळ्यावर नेतात. तुमच्या भावानं मला एका लॉन्ड्रीत नेलं. सुट्टीचा दिवस, बॉयलर थंड पडलेला. खिशातून छोटा हातोडा काढला, लोखंडावर हलकेच टकटक केलं आणि म्हणाले, "कान लाव." मी नवी साडी सावरत कान लावला. घंटेसारखा लांबलचक नाद आत फिरत फिरत गेला. ते म्हणाले की निरोगी असला की असा वाजतो, भेग असली की बद्द वाजतो. "हे मी कुणाला दाखवत नाही, लोक हसतात," असंही म्हणाले. माझ्या गालाला काळं लागलं ते त्यांनी स्वतःच्या रुमालानं पुसलं. मी त्या रात्री मैत्रिणीला पत्र लिहिलं की अजून तसं काही विशेष घडलं नाही. ते पान शिवलेलं नव्हतं ना! म्हणून मी ते आगगाडीचं वेळापत्रक वाचावं तसं वाचलं आणि पुढे गेले. माझ्या सगळ्या संसारात अशी किती पानं उघडी पडली होती देव जाणे, आणि मी आपली दोरा शोधत होते.

असो. फार लांबण लागली. तुम्हाला वाटेल की हिला म्हणायचंय काय. काहीच नाही, सहज लिहिलं. गीझरचं काम झाल्यावर त्यांच्याकडून खिडक्यांच्या कड्याही करून घ्या. गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी धरत जा, जास्त कढत नको. सूनबाईंना आणि मुलांना आशीर्वाद.

तुमची धाकटी भावजय

ता. क. पाकीट मी डिंकानं घट्ट चिकटवून त्यांच्या खिशात ठेवतेय. ते वाटेत उघडणार नाहीत, त्याची काळजी नाही. तीच तर काळजी आहे. वन्सं, हे पत्र तुम्ही त्यांना मोठ्यानं वाचून दाखवाल का? हे सगळं मी त्यांच्यासाठीच लिहिलंय. समोर जाऊन सांगायला मी तीनदा उठले. एकदा माझ्या तोंडून "मोजे घेतलेत का" आलं, एकदा "छत्री राहील", आणि तिसऱ्यांदा नुसताच खोकला आला. तुम्ही त्यांना लहानपणी वाचून दाखवायचात, तुमच्या आवाजावर त्यांचा विश्वास आहे. चहा झाल्यावर वाचा. उभ्या उभ्या नको, त्यांना बसू द्या.

ता. क. २. टकलाचं आणि करपलेल्या दुधाचं तेवढं गाळा. डॉर्मिटरीबद्दल जे कंसात लिहिलंय ते तुम्हीही वाचलं नाही असं समजा. शालीपाशी मात्र थांबून एवढं जोडा की ती मला आवडते. मी रोज दुपारी दार लावून पांघरते. वाचून झालं की त्यांना दुसऱ्या दिवशीच्या बसनं परत पाठवा. ते "बघू" म्हणाले तर तुमच्याकडे जागा नाही असं सांगा. (आहे, मला माहीत आहे. पण एवढं माझ्यासाठी खोटं बोला.)

ता. क. ३. हे पेन्सिलीनं लिहितेय, बसमधून, म्हणून अक्षर असं. सकाळी ते गेले, मी दार लावलं, ओटा आवरायला घेतला आणि तोच ओटा तीन वेळा पुसला. मग घरातल्याच चपला घालून स्टँडवर गेले. ते खिडकीशी बसले होते. मला बघून म्हणाले, "काही राहिलं का?" मी म्हटलं, "हो. मी." ते म्हणाले की गीझरला दोन माणसं लागत नाहीत. मी म्हटलं, मग मी नुसती बसेन. त्यांनी खिडकीची जागा मला दिली आणि वन्संना एक निरोप घालायचा राहिला म्हटल्यावर पत्रही मुकाट्यानं परत दिलं. तेव्हा वाचून दाखवायचं सगळं रद्द. माझ्यासमोर कुणी हे मोठ्यानं वाचलं तर मी तिथेच जमिनीत जाईन. जागा नाही तेही सांगू नका, आता आम्हा दोघांनाही लागेल. फक्त एकच काम करा. मघाशी त्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारला. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट दुसऱ्यांदा विचारली. बसचा खडखडाट फार होता म्हणून मी तोंडानं न बोलता मान हलवली, चांगली ठसठशीत, वरखाली. ती "हो" अशी होती हे तुम्ही त्यांना स्पष्ट सांगा. कारण नेमकी त्याच क्षणी बस खड्ड्यातून गेली आणि सगळ्याच प्रवाशांच्या माना हलल्या.